कलिंग, आणि माझी मुलगी

चूक माझीच होती, आणि ती मी सगळ्यांसमोर केली.

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत मुलांचं नाटक असतं. यंदा मुलं निवडायचं काम माझ्याकडे होतं. इथं वाढलेल्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. माझी मुलगीही तशीच. तरी तिनं आईकडून संवाद घोटून घेतले होते. महानगर भागात झालेल्या निवडीच्या तालमीत ती अडखळली आणि मधेच "अच्छा, फिर से" म्हणाली. मी हसून म्हणालो, "चला, कलिंगची सुरुवात घरापासूनच!" दोघं-तिघं हसले. मला निःपक्षपाती दिसायचं होतं.

कलिंग हा माझ्या प्रयोगशाळेतला इंग्रजी शब्द. नको असलेले उंदीर वेगळे काढून मारतात, ते कलिंग. वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घरी परतताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "पापा, वो तो चूहों का करते हैं ना?"

मी घरी येऊन शब्दकोश उघडला.

जेवताना तिला सांगू लागलो, "अगं, मुळात हा शब्द गोळा करण्याचा. फुलं वेचावीत, पुस्तकातल्या चांगल्या ओळी वेचाव्यात, तसा. पुढे मेंढपाळ कळपातली म्हातारी, दुबळी जनावरं वेचू लागले. मारणं त्यानंतर आलं. आपण तांदूळ निवडतो म्हणतो, पण उचलतो खडेच ना?"

"आपने किस मतलब से बोला था?"

"सांगा आता," बायको म्हणाली.

मुलीची इतक्या दिवसांची मेहनत मला दिसली नव्हती, फक्त ते "अच्छा" ऐकू आलं होतं. शब्दाचंही असंच झालं असावं. वेचणाऱ्याची नजर काय ठेवायचं यावरून काय टाकायचं याकडे वळली.

त्यानंतर ती मराठी बोलेनाशी झाली. नागपूरहून माझ्या आईचा फोन आला की "जी दादी, ठीक हूँ" म्हणून फोन परत देई. पूर्वी ती आजीशी मोडकंतोडकं का होईना, मराठीच बोलायची. आई विचारायची, "पोरगी रागावली का रे?" मी परीक्षेचं कारण पुढे करायचो.

शेवटी रविवारी तिच्या खोलीत गेलो. पुन्हा शब्दाबद्दलच बोलू लागलो, तर ती म्हणाली, "पापा, लेक्चर मत दीजिए."

मी खाली तिच्या पलंगाशी बसलो. "बेटा, मैंने तुम्हें नीचा दिखाया, ताकि लोग मुझे अच्छा समझें. ग़लती मेरी थी. माफ़ कर दो."