शेवटची जाळी

रामभाऊ गेल्याचा निरोप तासगाव गाडीच्या कंडक्टरने आष्ट्याला आणला, त्याला महिना होऊन गेला. रामभाऊ माझे साडू, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. चार शब्द चांगले लिहावेत म्हणून बसलो, पण किळसच वर येते... त्यांची नव्हे, त्यांच्या गावाची.

दुष्काळ सरल्यावर गावाने शाळा बांधायला घेतली. वीज नव्हती, पैसा बेताचा. आराखडा रामभाऊंनी फुकट काढून दिला, अंदाजपत्रक माझ्याकडून तपासून घेतलं. दुष्काळी कामावर फोडलेला दगड, वर मंगलोरी कौलं. वाऱ्याकडच्या भिंतीत खाली, पडवीच्या आडोशाला विटांची जाळी आणि समोरच्या भिंतीत तशीच जाळी वर, कौलांखाली. सरपंच म्हणाले, "स्लॅब न्हाई तर शाळा कसली? गोठा दिसतोय!" रामभाऊ म्हणाले, "गोठ्यात म्हस सुखी असती गड्या. स्लॅबखाली पोरं भाजतील. आन् खर्चाचं ह्या पाव्हण्यास्नी इचारा." मी हिशोब सांगितला. स्लॅब घातला तर निम्म्याच खोल्या होत होत्या. शाळा उभी राहिली तेव्हा रामभाऊंनी खालच्या जाळीशी उदबत्ती धरली. धूर आत वळला, चढत गेला आणि वरच्या जाळीतून बाहेर पडला. "बघा, इजंबिगर पंखा!" सरपंचांनीही तोंडात बोट घातलं.

मग देणगीदारांच्या संगमरवरी फरश्या आल्या. प्रत्येकाला नाव वर हवं. दगडी भिंत ओबडधोबड, पण वरच्या जाळीच्या चौकटीत फरशी बेतल्यासारखी बसते, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. एकेक जाळी बुजली. रामभाऊ हात जोडून सांगत होते, "नावं जोत्यावर लावा."

"जोत्यावर? पायाशी व्हय?"

पुढे वीज आली, पंखे आले, गरम हवा तिथल्या तिथे फिरू लागली. सातवीच्या खोलीतली एक जाळी तेवढी वाचली, कारण तिचा देणगीदार शब्द देऊन फिरला होता. रामभाऊ येता-जाता तिच्याखाली उभे राहायचे.

शोकसभा त्याच खोलीत झाली. घाम पुसत सरपंचांनी 'द्रष्टा माणूस' असं चारदा म्हटलं आणि जाहीर केलं, रामभाऊंची फरशी वरच्या मोकळ्या जागी बसवणार. माझी मेहुणी, रामभाऊंची बायको, उठली. "आवं, जित्तेपणी त्यांचं ऐकलं न्हाईसा, आता त्यांच्याच नावानं जाळी बुजवताय?"

"वैनी, मान हाय त्यो."

मी बोलायला उभा राहिलो. "पाव्हणं, तुमी बसा," म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

परवा जाऊन आलो. फरशी बसली आहे. 'हवेशीर शाळेचे शिल्पकार' असं सोनेरी अक्षरांत कोरलं आहे. शाळा सुटलेली, खोली रिकामी... उदबत्ती पेटवून खालच्या जाळीशी धरली. धूर आत वळला, रामभाऊंच्या नावापर्यंत चढला आणि तिथेच साचत राहिला.