कर्सर चारही कोपऱ्यांत

दुसऱ्यांदा हात वर झाला, तोही त्याच मुलीचा. "मॅडम, हे पण मशीन खराब हाय."

मी अकोल्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. सुट्टीच्या दिवशी आमची लॅब ऑनलाइन परीक्षांचं केंद्र होते. मशीन चालू ठेवणं माझं काम. प्रश्न सोपे की अवघड, याच्याशी मला देणंघेणं नाही. त्या दिवशी नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती. आम्ही लॉगिन करून दिल्यावर मुलं-मुली सूचना वाचत बसली होती. पेपर ठरल्या वेळी सर्व्हरवरून आपोआप सुरू होतो. तो कुणासाठी थांबत नाही, आणि त्याला आता थोडाच वेळ उरला होता.

हात वर करणारी ही कोमल बाळापूरकडच्या एका खेड्यातून आली होती. तिच्या पहिल्या तक्रारीला मी मशीन तपासलं. ठणठणीत होतं. तरी वाद नको म्हणून तिला बफरवर बसवलं. बफर म्हणजे राखीव मशीन, गाडीच्या स्टेपनीसारखं. आता स्टेपनीही पंक्चर म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. काय खराब आहे ते दाखव, म्हटलं.

तिनं मॉनिटरवरचं 'पुढे' बटण बोटानं दाबलं. मग आणखी जोरात दाबलं.

"पाहा. हालूनच नाही राहिलं. मले मशीन समजते मॅडम, घरी शिलाई मशीन मीच चालवतो."

माउस बिचारा बाजूला पडून होता. त्याला तिनं हातही लावला नव्हता. मोबाइलवर वाढलेली पोरगी, तिच्या हिशेबानं स्क्रीन बोटानंच चालते. शाळेत कॉम्प्युटर नव्हते का, विचारलं. होते म्हणे. पण धूळ बसेल म्हणून हेडमास्तर ती खोली उघडूच देत नव्हते. दिवसा ब्लाउज शिवून ती मोबाइलवर अभ्यास करत आली होती. यंदा नंबर लागला नाही तर घरचे पुन्हा परीक्षेला बसू देतील याची खात्री नव्हती. मला संताप आला. तिचा नाही, त्या कुलपाचा.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली, तसे केंद्रप्रमुख देशमुख सर धावत आले.

"मॅडम, हा कॉम्प्युटर क्लास नाही. परीक्षेत मदत चालत नाही."

"प्रश्नात चालत नाही, सर. मशीन उमेदवाराच्या हातात चालतं की नाही, हे पाहायलाच मला इथं बसवलंय."

सर माणूस वाईट नाही, फक्त नियमाला घाबरतो. त्यांनी विचार केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, कुणाला माउस चालवता येत नसेल तर हात वर करा. एकही हात वर झाला नाही. कोमल तर टेबलाखाली चप्पल शोधायला लागली. सरांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

मग मी उठले. म्हटलं, पेपरआधी मशीन टेस्ट घ्यायची आहे. सगळ्यांनी माउस धरून स्क्रीनवरचा बाण, म्हणजे कर्सर, चारही कोपऱ्यांत न्यायचा. ज्याचा जाणार नाही त्याचं मशीन स्लो आहे, त्यानं हात वर करावा.

अर्ध्या हॉलचे हात वर. केसांना जेल लावलेल्या एका पठ्ठ्यानं तर माउस टीव्हीच्या रिमोटसारखा स्क्रीनकडे रोखला होता. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण लगेच शर्टाच्या बाह्या वर सारून ते रांगांमध्ये शिरले. "हळू रे बापू, हळू. बैल हाकून राहिला काय?"

मी कोमलकडे वळले. तिची नजर हातावर आणि बाण भलतीकडेच.

"शिवताना पायाकडे पाहतं काय तू?"

"नाही. सुईकडे."

"मंग आता हाताकडे नको पाहू. हात चालू दे, डोये बाणावर ठेव."

बाण आधी भरकटला, मग लटपटत कोपऱ्यात गेला. दुसऱ्या कोपऱ्यात सरळ गेला. तिनं 'पुढे' क्लिक केलं आणि सूचनांचं पान एकदाचं हललं. ती इतकं मोकळं हसली की मलाही हसू आवरलं नाही. तेवढ्यात पेपर सुरू झाला. मी माझ्या जागेवर गेले. पुढचं तिचं तिनं पाहिलं.

निकालानंतर तिचा लॅबमध्ये फोन आला. अमरावतीला नंबर लागला होता. पेढे पाठवते म्हणाली. ते अजून आले नाहीत. शाळेला इतक्या वर्षांत जमलं नाही ते माझा चहा गार व्हायच्या आत जमलं, हे मात्र मी सरांना अधूनमधून ऐकवते.

आता परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही लॅब उघडी ठेवतो. सरांनीच परवानगी काढली. सुरुवातीला त्यांनी दारावर 'माउस शिका, मोफत' असा कागद लावला. दिवसभर कुणी फिरकलं नाही. पुढच्या वेळी मी तो काढून 'मशीन टेस्टसाठी मदत हवी आहे' असा लावला, तर रांग जिन्यापर्यंत गेली. शिकायला येणाऱ्याला लाज वाटते. मदत करायला येणारा ऐटीत येतो आणि शिकून जातो.