गादीतले भाडेकरू

शेगावात आमच्या गल्लीत येणारे पिंजारी चाचा कापसाखेरीज कुणाचंच ऐकत नाहीत. लेकीला पहाटे दम लागतो, गादीतल्या धुळीत बारीक किडे असतात असं डॉक्टर म्हणाले, हे मी त्यांना सांगितलं आणि मोबाइलवर किड्याचा फोटो दाखवला. चाचा भडकले. "म्या भरलेल्या गादीत किडे? अन् डोयाले दिसत नाहीत, तं फोटू कसा निघाला?" मी मोबाइल खिशात घातला आणि गादी त्यांच्यापुढे आणून टाकली.

मग तोंडाला रुमाल बांधून त्यांनी गादी उसवली, मूठभर कापूस उन्हात झटकला आणि उडालेल्या धुळीकडे बराच वेळ पाहत राहिले. पिंजायचं यंत्र त्यांनी गाडीवरून उतरवलंच नाही.

"कापूस मेला, भाऊ," ते म्हणाले. "पोरीले सतरंजीवर निजवा. किडे नाहीत. पण निजवा."