तीन डब्यांतला चिया

तिसऱ्या कार्डावरही दोन रेघा उमटल्या, तेव्हा मी किटचं खोकं उलटं करून एक्सपायरी डेट बघितली. डेट ठीक होती. मग मला संशय आला तो माणसांचा.

ऐरोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. जवळच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीचं वार्षिक चेकअप आमच्याकडे असतं. त्यांच्या तिशीतल्या एका मॅनेजरचा आतड्याचा कॅन्सर फार उशिरा कळला, म्हणून या वर्षी कंपनीने एक टेस्ट वाढवली होती. स्टूल ऑकल्ट ब्लड. म्हणजे शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते बघायचं. छोट्या कार्डावर सॅम्पलचे थेंब टाकायचे. एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही. मूळव्याध असेल, अल्सर असेल, आणखी काही असेल. पण पुढे तपासायलाच हवं. पूर्वी हा पन्नाशीनंतरचा आजार समजायचे. आता आमच्या रजिस्टरमध्ये तिशीतल्या पोरांची नावंही दिसतात.

ही टेस्ट म्हटली की लोकांच्या जिवावर येतं. रक्त द्यायला हात पुढे करतील, पण डबी म्हटली की माना खाली. आम्ही लॅबवालेही काही वेगळे नाही. आमच्या स्टाफ चेकअपमध्ये त्या रकान्यात मी दरवर्षी ‘नॉट गिव्हन’ लिहून मोकळी होते.

त्या दिवशी साठेक डब्या आल्या. तीन पॉझिटिव्ह. तिघंही एकाच टीममधले, एकाच पत्त्यावर राहणारे. मी तिन्ही डब्या पुन्हा उघडून बघितल्या. रंग तोच, घट्टपणा तोच. आणि तिन्हींत बारीक काळे-करडे दाणे. चिया सीड्स, हल्ली डाएटवाले भिजवून खातात ते बी. तीन माणसांची पोटं इतकी एकसारखी चालत नाहीत.

डब्या गोळा करून आणल्या होत्या आमच्या लॅबचे शिपाई म्हात्रेमामांनी. मी त्यांना विचारलं.

“तिनी एकाच पिशवीत होत्या गो ताय,” मामा म्हणाले. “एका उंच पोरानं आनून दिल्या. त्याचं मित्र मागं उभं ऱ्हाऊन हसत व्हते.”

म्हणजे एकाचंच सॅम्पल तिघांच्या नावावर. खरंच रक्त जात होतं ते त्यातल्या एकाचं, आणि तो कोण हे कागदावर कुठेच नव्हतं.

तेवढ्यात कंपनीच्या एचआरमधून प्राचीचा फोन आला. आम्ही तिला नावं देत नाही, फक्त आकडे कळवतो.

“मॅडम, थ्री पॉझिटिव्ह? यंग क्राउड आहे आमचा. तुमच्या किटमध्येच लोचा असणार. कॅन्सल करा ना, उगाच टेन्शन होईल सगळ्यांना.”

आमचे पॅथॉलॉजिस्ट सरही तेच म्हणाले. “वैशाली, तीन सॅम्पल एकसारखी आहेत, तर कंटॅमिनेशन लिहू आणि सोडून देऊ. पुढच्या वर्षी बघू.”

“सर, नवीन खोकं फोडून टेस्ट परत केलीय. किट तपासायचं कंट्रोल सॅम्पलही बरोबर आलं. तिन्ही परत पॉझिटिव्ह. चूक आपली नाही.”

“मग कोणाची?”

“दोन दिवस द्या.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही न करता फाइल बाजूला ठेवली.

मी तिघांनाही रिपीट सॅम्पलसाठी बोलावलं. पहिला आला सागर, दुसरा पराग. दोघं एकत्रच. मी सहज विचारावं तसं विचारलं, “सकाळी काय खाता?”

“वडापाव,” सागर म्हणाला.

“चिया वगैरे?”

दोघं एकमेकांकडे बघून हसले. “ते निनादचं खूळ,” पराग म्हणाला. “रोज सकाळी चियाची बाटली, दही, काय काय. मैदा बंद, बाहेरचं बंद. गट हेल्थ, पोटाचं आरोग्य करून आमचं डोकं खातो.”

“कधीपासून?”

“गणपतीनंतर सुरू झालं.”

त्यांना आपण काय सांगून बसलो ते कळलंही नाही. मी दोघांच्या हातात नवी डबी दिली आणि म्हटलं, या वेळी स्वतःची आणा. हसणं तिथेच थांबलं.

निनाद दुसऱ्या दिवशी एकटा आला. उंच, काटक, एकतीस वर्षांचा. मी त्याला आतल्या खोलीत बसवलं.

“तिन्ही डब्या तुझ्याच ना?”

“नाही मॅडम.”

“चिया कोण खातं तुमच्याकडे?”

“त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, मी भरतो.”

“रक्त कधीपासून जातंय?”

त्याने एकदम वर बघितलं. “गणपतीच्या आधीपासून. मूळव्याध असेल. नेटवर लिहिलंय फायबर वाढवा, म्हणून...”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“नाही.”

इथे माझं डोकं फिरलं. फायबर चांगलंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रक्त का जातंय हे न बघता नुसता चिया खात बसायचं? मी तसं त्याला सुनावलंही. तरी एक गोष्ट पटत नव्हती. ज्याला रक्त दिसतंय, तो आपणहून तिघांच्या डब्या कशाला भरेल?

“खरं सांग. मित्रांसाठी केलंस?”

तो टेबलाची कड नखाने खरवडू लागला. “मेमध्ये लग्न आहे माझं. टेस्ट चुकवली असती तर एचआर मागे लागलं असतं. दिली आणि निगेटिव्ह आली, तर मी सुटलो. पॉझिटिव्ह आली, तर तिघांची येईल. मग तुम्ही लॅबची चूक म्हणून फेकून द्याल. असं वाटलं.”

मला त्याचा राग आला आणि आमचाही. कारण त्याचा हिशोब बरोबर होता. आम्ही ते फेकून देणारच होतो.

“रिपोर्ट फक्त तुझ्या मेलवर जाईल,” मी म्हटलं. “एचआरला नाव कळणार नाही. पण या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरकडे, गॅस्ट्रोकडे जायचं.”

“जातो मॅडम.”

माझा विश्वास बसला नाही. अपॉइंटमेंटचा फोटो मागितला. तो आला. मग आत गेल्याचा फोटो मागितला. तोही आला, हॉस्पिटलच्या गाऊनमधला, तोंड वाकडं केलेला.

कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात, तिच्यात डाव्या बाजूला गाठ सापडली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. तेवढा भाग काढून टाकला. बाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टर त्याला म्हणाले, आणखी वर्षभर थांबला असतास तर गोष्ट वेगळी होती. लग्न मेमधलं दिवाळीनंतर गेलं, पण झालं. पत्रिका द्यायला तो होणाऱ्या बायकोला घेऊन नाही, सागर-परागला घेऊन आला. त्या दोघांच्या नव्या टेस्ट निगेटिव्ह होत्या.

“मॅडम, तुम्ही इतका संशय कसा घेतलात?” परागने विचारलं.

“सवय आहे,” मी म्हटलं.

आता आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: सॅम्पल स्वतःचंच आहे, खाली सही. सही घेतली म्हणून लोक खरं बोलतात असं नाही. एकाच पिशवीतून आलेल्या डब्या मी आजही शेजारी शेजारी ठेवून बघते.

पत्रिका देऊन ते तिघं गेल्यावर स्टाफ चेकअपचा कागद फिरत माझ्या टेबलावर आला. सवयीने ‘नॉट गिव्हन’ लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. म्हात्रेमामांना हाक मारून एक रिकामी डबी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली.