नाबालिगांचे वकील

अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंचा हेवा करणारा एकच माणूस होता, आणि तो मी. माणूस एकटा असला तरी काम दहा जणांचं करीत असे. आम्ही दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या, निजामाच्या अमलात एकाच अदालतीत वकिली केली आणि सासुरवाडीला एकाच पंक्तीत जेवलो. पुरणपोळीवर माझ्या ताटात तूप चमच्याने पडे. साडूंच्या ताटात सासूबाई तुपाचं भांडंच कलंडवत. मी मौलवीसाहेबांपुढे बसून उर्दू घोटलेली, तर साडूंची उर्दू म्हणजे मराठीलाच शेरवानी घातलेली. तरी माझ्या भाषणाला न्यायाला बसलेले मुन्सिफसाहेब जांभया देत, आणि साडू उभे राहिले की पानदान बाजूला सारून पुढे सरकून बसत. पोटात दुखणार नाही तर काय?

बरं, ती शेरवानी तरी धड असावी! तिच्या खिशात कायद्याचं पुस्तक कधी दिसलं नाही, गोट्या आणि भोवरा मात्र कायम. वाटेत पोरांचा डाव दिसला की स्वारी तिथेच उकिडवी बसे. एकदा गोट्या संपल्या म्हणून शेरवानीची बटणं डावावर लावली, हरले, आणि छाती हाताने झाकून मुन्सिफसाहेबांपुढे उभे राहिले. मेहुणी चिडेल असं मला वाटलं होतं. ती हसत हसत नवी बटणं लावत बसली. आमच्या घरी मात्र माझी बायको उसासा टाकून म्हणाली, "किती हौशी माणूस आहे नाही?" त्या रात्री मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही हे कुणी विचारलंही नाही.

पोरासोरांचे मुकदमे सगळे त्यांच्याकडे जात. तेव्हा खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवत होतं? पोरगा नाबालिग, म्हणजे कायद्याने अजून लेकरू ठरला, तर मुन्सिफसाहेब आपल्या खोलीतच मुकदमा चालवून, समज देऊन त्याला आईबापांच्या हवाली करीत. बालिग ठरला, की मोठी फौजदारी अदालत आणि पुढे दरोडेखोरांच्या शेजारी तुरुंगवास. पोखर्णीच्या एका पोराचं असंच अडलं होतं. घरची म्हैस कोंडवाड्यात घातली म्हणून त्याने एका मोठ्या शेतकऱ्याची कडब्याची गंज पेटवून दिली होती. त्या शेतकऱ्याचा वकील मी, पोराचे वकील साडू. सरकारी डॉक्टरांनी "सोळाही असेल, अठराही असेल" असं सांगून हात झटकले, आणि पोरानेच आपल्या कोवळ्या मिशीवर बोट फिरवून सांगितलं, "म्या लेकरू न्हाई साहेब, बाप्या हाय. माजं लगीन ठरलंय." मागे त्याची आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. साडू एकदाचे हरणार होते!

"साडूभाऊ, आता?" मी हळूच विचारलं.

"आता काय, दुपारची सुट्टी," म्हणून ते बाहेर कडुलिंबाखाली गेले. पोरगाही तिथेच जमादाराजवळ बेड्या घालून बसला होता. साडूंनी खिशातून भोवरा काढला, दोरी गुंडाळली आणि फेकला. भोवरा आडवा लोळत गेला. पुन्हा फेकला, पुन्हा लोळला. हा माणूस डोळे मिटूनही भोवरा फिरवायचा, हे मी शपथेवर सांगतो.

पोराला राहवेना. "ओ वकीलसाहेब, दोरी उलटी गुंडाळायलाव की तुमी!"

"आमच्याकडं अशीच गुंडाळतात," साडू म्हणाले.

"जमादार, हात सोडा की. येकच डाव!"

जमादारालाही बघायचं होतंच. बेड्या निघाल्या. पोराने भोवरा असा सोडला की नुसता गुणगुणला, मग तो फिरत असतानाच तळहातावर उचलला आणि पळाला थेट आईकडे. "माय, बघ! माय, बघ ना!" मुन्सिफसाहेब पान चघळत व्हरांड्यात उभे होते, ते चघळायचे थांबले. भोवरा मंदावला, पडला. पोराला अदालत आठवली. त्याने भोवरा साडूंना परत दिला आणि मास्तरांपुढे छडीला धरावेत तसे दोन्ही हात जमादारापुढे धरले.

माझा तिळपापड झाला. मी ओरडलो, "हुजूर, भोवरा तर आमचे साडूही फिरवतात! त्यांनाही नाबालिग म्हणायचं का?"

"वकीलसाब, इनका मुकदमा आया तो वो भी मैं अपनेच कमरे में चलाऊँगा," मुन्सिफसाहेब म्हणाले, आणि अख्खं आवार हसलं. पोरगा नाबालिग ठरला आणि समज घेऊन आईबरोबर घरी गेला. पुढे साडू स्वतः पोराच्या सासरच्यांकडे जाऊन, लग्न दोन वर्षं थांबवून आले. सासूबाईंनी हा किस्सा सणावारी चारचौघांत मलाच सांगायला लावला, आणि तुपाचं भांडं पुन्हा तिकडेच कलंडलं.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुपाचं भांडं कलंडवणाऱ्या सासूबाईही राहिल्या नाहीत. मध्यंतरी भरघोस मिशांचा एक माणूस साडूंना शोधत त्याच कडुलिंबाखाली माझ्यापाशी आला. पोखर्णीचा तोच पोरगा! त्याने साडूंसाठी बाभळीचा भोवरा स्वतः करून आणला होता. साडू गेल्याचं कळल्यावर तो पारावर टेकला आणि भोवऱ्यावरची धूळ पुसत राहिला. खरं सांगतो, तेव्हाही मला हेवाच वाटला. मी गेल्यावर माझ्यासाठी भोवरा घेऊन कोण येणार आहे?

"मग तुमी घ्या," म्हणत त्याने तो माझ्या हातात दिला. साडूंनी कितीदा तरी असाच पुढे केला होता, मी कधी घेतला नव्हता. मी दोरी गुंडाळली आणि फेकला. भोवरा आडवा लोळत गेला.

"उलटी गुंडाळलाव, साहेब."

"आमच्याकडं अशीच गुंडाळतात," मी म्हणालो, आणि दोरी त्याच्यापुढे धरली.