कागद गालाला लावणाऱ्या आक्का

नवं रीम फोडलं की आक्का वरचा कागद आधी गालाला लावायच्या. डोळे मिटून. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई देवाचं काही करतेय. "सर्दावलाय," असं म्हणाल्या की ते रीम त्या दिवसापुरतं बाजूला.

पाटोद्याला तहसीलच्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान होतं. टायपिंग मी करायचे, प्रिंटर आक्कांकडे. नवरा गेल्यावर हे दुकान त्यांनी एकटीनं उभं केलं होतं. पावसाळ्यात रिमं जमिनीवर ठेवू द्यायच्या नाहीत; फळीवर, तीही वेष्टनासकट. लागतील तेवढेच कागद बाहेर काढायचे. "उघडा पडला की हवा पितो त्यो. मग मशीनमधी जाऊन वाकडा व्हतो."

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात कागद एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन आत ओढले जातात. आक्का गठ्ठा पत्त्यांसारखा फर्रकन पिसायच्या, कडा टेबलावर ठोकून सरळ करायच्या. छापायची बाजू वेष्टनावरच्या बाणावरून कळते. वेष्टन फाटलेलं असलं की त्या अंगठा फिरवून सांगायच्या. मला दोन्ही बाजू सारख्याच लागायच्या. "बटनं बडवून तुझं कातडं जाड झालंय ग शोभे," म्हणून हसायच्या.

एकदा एक माणूस वडिलांच्या दहाव्यासाठी फोटो छापायला चकचकीत कागद घेऊन आला. आक्कांनी तो परत दिला.

"ह्यो शाईच्या मशीनचा हाय, भाऊ. आमच्या मशीनच्या पोटात तापलेला रूळ असतोय. ही चकाकी वितळून त्याला बसंल."

"मला ह्याच्यावरच पायजे," तो चिडला.

आक्का वाद घालत बसल्या नाहीत. जरा जाड, साधा कागद लावला आणि फोटो छापून त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला आणि उभ्या जागी रडायलाच लागला. आक्कांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मागच्या लोकांना म्हणाल्या, "थांबा जरा. घाई कावून करता?"

मग एका दुपारी गठ्ठा पिसताना त्यांच्या हातातले कागद सुटून दुकानभर पसरले. मला वाटलं, वारा आला. मान वर करून पाहिलं, तर आक्का स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्यासारख्या बघत होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तसंच जीपमध्ये घालून बीडला नेलं. लकवा. जीव वाचला. पुढं चालू लागल्या, हातही हलू लागला, पण त्या हातातला स्पर्श परत आला नाही.

तरी दुकानात आल्या. "घरी बसून काय करू ग?" एक कागद उचलला की दोन, ते आता त्यांना कळेना. कडा जुळेनात. प्रिंटर सारखा अडकू लागला. पूर्वी अडकलेला कागद त्या दोन्ही हातांनी सावकाश, न फाडता काढायच्या. आता अर्धा हातात यायचा, अर्धा आतच राहायचा. मी पुढं झाले की म्हणायच्या, "सरक." हळूहळू लोक पलीकडच्या दुकानात जाऊ लागले.

एके दिवशी मशीन उघडून त्या आत हात घालून बसल्या होत्या. मला भाजल्याचा वास आला. धावत जाऊन हात बाहेर ओढला. बोटांवर फोड उठले होते. आक्कांना काहीच जाणवलं नव्हतं. फोडांकडे बघत त्यांनी विचारलं, "ह्ये माझंच हाय व्हय ग?"

त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. पुण्याहून मुलगा आला, मशीन विकून टाकलं आणि आईला नेकनूरला आपल्या बहिणीकडे पोचवलं. तिथंच दुसरा झटका आला.

कळल्यावर मी एसटीनं नेकनूरला गेले. आक्का बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी उजव्या अंगाला बसले. दुकानाचं काही विचारतील म्हणून वाट पाहिली. विचारलं नाही. मीच म्हणाले, "आक्का, बऱ्या व्हाल तुम्ही."

"न्हाई व्हायची. तू तरी असं म्हणू नको."

घरातल्या पोरीनं चहा आणला, तो निवून गेला. भिंतीकडे बघतच आक्का म्हणाल्या, "शोभे, लई एकटं वाटतंय. जरा हात धर की माझा."

मी आल्यापासून तोच हात धरून बसले होते.