अंगावर जातं

ताईंच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. मी सोफ्यावर टेकणार तेवढ्यात ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, दंडाला धरून मला उठवलं. बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्यावर सिमेंटची रिकामी गोणी टाकली. सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "तू इथं बस. सोफा नवा हाय."

बायका हसल्या नाहीत. पदर नाकाला लावले. हसल्या असत्या तर परवडलं असतं. मी बसले. गोणीवर बसून जेवले. त्यांनी बसवलं याची नाही, मी बसले याची लाज वाटते अजून.

पोरगी झाली तेव्हापासून मला संडास आवरत नाही. शिंकलं, ओझं उचललं, की कपड्यात. चितेगावला कंपनीत पॅकिंगला होते. कामाच्या पाळीत दोनदाच बाहेर सोडायचे. एकदा मशीनपुढं उभ्या उभ्या झालं. दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. नवरा अंथरूण उचलून ओसरीत झोपायला लागला. तो वाईट नाही, असं मी नऊ वर्षं स्वतःला समजावतेय.

ताई शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. माझं बाळंतपण तिथलंच, त्यांच्याच ड्युटीत. आमच्या गंगापूरकडच्या घरात शिकलेली बाई ती एकच. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेही त्यांच्यापाशी. त्या मला त्यांच्या डॉक्टरसाहेबांकडं घेऊन गेल्या. शरमेनं मला बोलता येईना. माझ्याऐवजी त्याच बोलल्या, "भावजयीच्या अंगावर जातं, सर."

अंगावर जातं. आमच्याकडं पांढरं जाण्याला बायका असं म्हणतात. साहेबांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या. मला वाटलं, ताईंनी माझी अब्रू राखली. घरी आल्यावर मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. पुढं दरवेळी तेच वाक्य, त्याच गोळ्या.

वास्तुशांतीनंतरच्या सोमवारी मी ताईंना न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी सवयीनं म्हणाले, अंगावर जातं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पांढरं जातं, का कपड्यात संडास होते?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी रडले. मग व्हय म्हणाले.

त्यांनी बोट घालून तपासलं. म्हणाल्या, आवळा. मी जीव खाऊन आवळलं, पण त्यांच्या बोटाला काही कळलंच नाही. मागच्या वाटेनं सोनोग्राफी केली. बाळंतपणात तिथला स्नायू फाटलाय, म्हणाल्या. ऑपरेशन करून त्याची टोकं एकावर एक शिवता येतात. पण फार वर्षं गेली, पूर्वीसारखं होईलच असं नाही. शिवण टिकली नाही तर कमरेच्या नसेजवळ लहानसं यंत्र बसवतात. तेही नाही जमलं तर संडाससाठी पोटावर पिशवी.

जुने कागद मागितले. पोरीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलेलं बाळंतपणाचं कार्ड मी पुढं केलं. इंग्रजी होतं, मी कधी वाचलं नव्हतं.

"यात लिहिलंय की, स्नायू फाटला म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

खाली सही ताईंची.

तिथून थेट ताईंकडं गेले. कार्ड समोर ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही. साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं, नोकरीचा प्रश्न होता, म्हणाल्या. अंगावर जातं, असं मुद्दाम म्हणालात का, असं मी विचारलं. ताईंनी कार्ड उलटं करून माझ्याकडं सरकवलं.

"खरं सांगितलं असतं तर साहेबांचे टाके चुकले ते निघालं असतं. आता ऑपरेशन कर तू. पण तक्रार नको. घरातलं घरात राहू दे."

साहेब परका माणूस, त्याच्याकडून मी काही अपेक्षा धरलीच नव्हती. ताईंवर मी देवासारखा विश्वास टाकला होता. त्यांना रोज दिसत होतं मला काय होतंय, आणि का होतंय हेही माहीत होतं.

मी सातवी शिकलेय. तक्रारीचा अर्ज माझ्या हातानं लिहिला. साहेबांच्या नावाखाली ताईंचं नाव लिहिलं. नवरा म्हणाला, बहिणीचं तेवढं खोड. मी पेन त्याच्यापुढं ठेवलं, म्हणाले, तूच खोड आणि खाली तुझी सही कर. त्यानं हात लावला नाही.

ऑपरेशन करणार आहे. शिवण टिकली तर टिकली. नाहीतर पोटावर पिशवी बांधून चारचौघांत बसेन. कुणी विचारलं तर संडास आवरत नाही म्हणून सांगेन. आणि ते कुणी लपवलं, हेही. नावानिशी.